साध्या तट्टाची शर्यत

पुण्यात कुणी ‘जिमखान्यावर भेटू’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घोडा येत नाही. डेक्कनचा बसथांबा येतो, नाहीतर १९०६ साली सुरू झालेल्या क्लबाचं मैदान येतं. मुंबईत तोच शब्द बॉम्बे जिमखान्याकडे किंवा मरीन ड्राइव्हवर ओळीने बसलेल्या हिंदू, पारशी, इस्लाम जिमखान्यांकडे बोट दाखवतो. कॉलेजात जिमखाना म्हणजे कॅरम, टेबल टेनिस आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे एक सर.

इंग्लंडातल्या खेड्यात मात्र या शब्दाबरोबर घोडेच येतात, तेही छोटे. सुट्टीच्या दिवशी एखादं कुरण मोकळं केलेलं असतं, खांब रोवून गल्ल्या आखलेल्या असतात आणि दहा-बारा वर्षांची मुलंमुली गोल पोटाच्या, झिपऱ्या आयाळीच्या तट्टांवर बसून एकमेकांना गाठायला धावत असतात. ‘जिमखाना’चा तिथला अर्थ हाच: मुलांच्या तट्टांवरच्या खेळांचा दिवस. आज या खेळांचे राष्ट्रीय संघ आहेत, जागतिक अजिंक्यपदं आहेत. सुरुवात मात्र गंगेच्या कालव्याकाठच्या एका छावणीत झाली.

युल आणि बर्नेल या दोघांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘जिमखाना’ची नोंद आहे. या शब्दाचा सर्वांत जुना माग कोशकारांना याच कालव्याकाठच्या रुरकीत, १८६१ सालात लागला. चेंडूच्या खेळाची जागा म्हणजे ‘गेंदखाना’. त्यातल्या ‘गेंद’ला इंग्रजी जिम्नॅस्टिक्सचं वळण मिळून ‘जिमखाना’ झाला असावा, असा त्यांचा तर्क. म्हणजे हा शब्द ना धड साहेबाचा, ना धड इथला. छावणीतली पुष्कळशी भाषा अशीच घडत होती.

छावणीत वेळ भरपूर होता आणि घोडेही भरपूर होते. सकाळची कवायत संपली की संध्याकाळ मोकळी. मग घोडदळाने आपल्या कसबाचेच खेळ केले. भरधाव घोड्यावरून जमिनीत ठोकलेली मेख भाल्याच्या टोकाने उचलायची, टांगलेलं लिंबू तलवारीने कापायचं. या लष्करी खेळांच्या जोडीला निव्वळ गमतीचेही होते. एका शर्यतीत मध्येच उतरून चिरूट पेटवायचा, छत्री उघडायची आणि दोन्ही शाबूत ठेवून परत यायचं. दुसरीत मैदानाच्या टोकाला ठेवलेल्या बाहुल्याला ‘जखमी सैनिक’ समजून घोड्यावर घ्यायचं आणि माघारी पळवायचं. हसू आणणाऱ्या या शर्यतींच्या मुळाशी खरी विद्या होती. लगाम एका हातात, दुसरा हात कामाला मोकळा, आणि खोगिरातून कितीही वाकलं तरी मांड सुटता कामा नये.

एकोणिसावं शतक सरता सरता सुट्टीवर आणि निवृत्तीवर परतणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर हे खेळ विलायतेला गेले. लंडनच्या क्लबांत हौशी मंडळींनी ते काही काळ खेळून पाहिले. पुढे गावोगावच्या जत्रांत ते मुलांच्या वाट्याला आले आणि तिथेच रुजले. भाल्याच्या जागी झेंडी आली, लिंबाच्या जागी चमच्यातलं अंडं आलं. मेख उचलण्याचा खेळ भारतात मागे राहिला, तो सैन्याकडे आणि पोलिसांकडे. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत या खेळाचा, म्हणजे टेंट पेगिंगचा, समावेश झाला आणि रूपिंदरसिंग ब्रार यांनी त्यात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. एकाच घराण्याच्या या दोन शाखा. एक गणवेशात राहिली, दुसरी शाळेच्या वयात गेली.

त्या दुसऱ्या शाखेला शिस्त लावली पोनी क्लबने. पहिल्या महायुद्धानंतर रस्ते मोटारींनी आणि शेतं हळूहळू ट्रॅक्टरनी घेतली. घरात घोडाच नसेल तर पुढच्या पिढीला बसायला शिकवणार कोण, ही काळजी ब्रिटनमधल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ द हॉर्स’ या संस्थेला लागली आणि १९२९मध्ये तिने मुलांसाठी ही शाखा काढली. गावपातळीवर शाखा, वर स्वयंसेवक मोठी माणसं, उन्हाळ्यात तट्टांसकट शिबिरं, असा तिचा घाट होता. परीक्षा खालच्या अक्षरांपासून सुरू होऊन ‘ए’पर्यंत चढत जात. त्यांत बसण्याइतकंच महत्त्व बाकीच्या कामाला होतं: खुरांतली माती खरवडणं, खरारा करणं, खोगिराचा पट्टा किती आवळायचा ते बोटं घालून पाहणं. कॅनडात क्लब १९३४ला पोहोचला, अमेरिकेत १९५४ला त्याची राष्ट्रीय संघटना झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही तो फोफावला.

पण घोडेस्वारीत पैसा लवकर बोलू लागतो. अडथळ्यांवरून उड्या मारणारा, निवडक पैदाशीचा घोडा ज्याच्या घरी, बक्षीसही त्याच्याच घरी. शेतकऱ्याच्या किंवा मास्तराच्या मुलीचं तट्टू कितीही गुणी असलं, तरी बड्या प्रदर्शनाच्या रिंगणात त्याला जागा नव्हती. ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप स्वतः पोलो खेळणारे. महागड्या घोड्यांची दुनिया त्यांना आतून ठाऊक होती. त्यांनी कर्नल माइक अॅन्सेल यांना विचारलं की ज्यांना भारी तट्टू परवडत नाही अशा साध्या मुलांसाठी एखादी स्पर्धा काढता येईल का.

हे अॅन्सेल म्हणजे अजब माणूस. १९४० साली फ्रान्समध्ये लढताना जखमी होऊन त्यांची दृष्टी गेली आणि ते जर्मनांचे कैदी झाले. युद्धानंतर याच अंध माणसाने ब्रिटनचा शो जंपिंगचा खेळ नव्याने उभा केला. ‘हॉर्स ऑफ द इयर शो’ हे हंगामाअखेरीचं मानाचं प्रदर्शन १९४९पासून त्यांच्याच देखरेखीखाली लंडनच्या हॅरिंगे अरीनात भरत होतं. त्यांच्याकडे रिंगण होतं आणि प्रेक्षकही होते. घोडदळातली उमेदीची वर्षं जगलेल्या माणसाला जिमखान्याचे खेळ सुचणं साहजिक होतं. १९५७मध्ये पोनी क्लबच्या शाखांमध्ये प्रिन्स फिलिप चषकाची पहिली स्पर्धा झाली आणि गावच्या कुरणातली तट्टं दिव्यांच्या झगमगाटात उतरली.

योगायोग असा की त्याच वर्षी नॉर्मन थेलवेल या व्यंगचित्रकाराचं ‘एंजल्स ऑन हॉर्सबॅक’ हे पुस्तक आलं. आखूड पायांची लठ्ठ, हट्टी तट्टं आणि त्यांच्यावर दात आवळून बसलेल्या चिमुरड्या पोरी त्याने अशा काही रेखाटल्या, की इंग्लंडात त्या जातीच्या तट्टाला ‘थेलवेल पोनी’ म्हणतात ते आजतागायत. दुसऱ्या महायुद्धात हाच थेलवेल दिल्लीत एका लष्करी नियतकालिकाच्या कलाविभागाचं काम पाहत होता.

चषकाचे नियम पाहिले की मूळ हेतू लक्षात येतो. संघात पाच स्वार आणि पाच तट्टं, प्रत्येक शर्यतीत त्यांतले चार. स्वाराच्या वयाला साधारण पंधराची मर्यादा. तट्टाची उंची १४.२ हँडच्या, म्हणजे सुमारे १४८ सेंटिमीटरच्या, वर नको. तट्टू १२.२ हँड किंवा त्याहून ठेंगणं असेल तर त्यावर ५३ किलोंपेक्षा जड स्वार बसू शकत नाही. चाबूक नाही, टाचेला काटे नाहीत. जे काही करून घ्यायचं ते पायांच्या दाबाने, वजनाच्या कलाने आणि आवाजाने.

‘बेंडिंग’ ही यातली जुनी, ओळखीची शर्यत. गल्लीत पाच खांब एका ओळीत उभे. पहिली स्वार दांडकं घेऊन निघते, खांबांमधून डावी-उजवी नागमोडी जाते, टोकाला वळसा घालते आणि तशीच परत येते. खरी परीक्षा रेषेवर. पुढची स्वार आपलं तट्टू रेषेमागे रोखून उभी असते. समोरून धावत येणारं तट्टू पाहून तिच्या तट्टाचेही कान टवकारलेले, पाय नाचत असतात. त्याला क्षणभर लवकर सोडलं तर ते रेषा ओलांडेल, क्षणभर उशिरा सोडलं तर दुसरा संघ निघून जाईल. दोघी एकमेकींच्या बाजूने जातात, उजव्या हातातून उजव्या हातात दांडकं जातं आणि तेवढ्या अवधीत दोन्ही लगाम डाव्या हातात असतात. चौथ्या स्वाराच्या टोपीवर पांढरी पट्टी असते, म्हणजे शेवटचा कोण हे पंचांना लांबूनही कळावं.

इतर शर्यती ऐकताना पोरखेळ वाटतात. तट्टावरून वाकून खांबावरचा मग उचलायचा आणि दुसऱ्या खांबावर उपडा घालायचा. लाकडी तलवारीत कड्या ओवत जायचं. मोजा उचलून बादलीत टाकायचा. मोटारीच्या टायरमधून सरपटत बाहेर पडायचं आणि तट्टाकडे धाव घ्यायची. ‘पोत्याची शर्यत’ तर आपल्याही शाळांच्या स्नेहसंमेलनात असते. इथे पोत्यात उड्या मारताना एका हाताने तट्टू बरोबर न्यायचं असतं. अशा शर्यतींत रिकिबीत पाय घालून सावकाश वर चढायला सवड कुणाला? तट्टाच्या खांद्याशी धावत दोन पावलं टाकायची, आयाळ पकडायची आणि चालत्या तट्टावर झेप घेऊन मांड ठोकायची. ही झेप साधायला एकेका मुलीचा अख्खा हिवाळा जातो.

चुकीला मिळणारी वागणूकही इथे वेगळी. मग खाली पडला म्हणून शर्यत संपत नाही. उतरायचं, मग जागेवर ठेवायचा, पुन्हा झेप घ्यायची. म्हणून या खेळात वेगवान तट्टापेक्षा शांत तट्टाला मान जास्त. डोक्यावर झेंडी फडफडली तरी न बिचकणारं, स्वार खाली असताना पळून न जाणारं जनावर पिढीजात जपलं जातं. थोरल्या बहिणीचं तट्टू धाकट्या भावाकडे येतं, तो मोठा झाला की शेजारच्या घरी जातं. त्याच तट्टावर तीन-चार मुलं शिकून बाहेर पडतात.

वरची वाट पायरीपायरीची आहे. आधी शाखेच्या संघात जागा मिळवायची. मग वसंतात विभागाची फेरी, उन्हाळ्यात त्याहून वरची परिमंडळाची. सगळ्या देशातून अखेर सहा संघ उरतात आणि शरद ऋतूत ते ‘हॉर्स ऑफ द इयर शो’ला जातात. हा मेळा १९५९मध्ये हॅरिंगेहून वेंब्लीला गेला आणि २००२पासून बर्मिंगहॅममध्ये भरतो. तिथे पाऊस-चिखल नाही, पण छताखाली हजारो प्रेक्षकांचा गलका असतो. कुरणात वाढलेलं तट्टू त्या आवाजाने बावरलं, तर बाहेरची सगळी मेहनत पाण्यात.

आणि पंधरा वर्षांनंतर? बराच काळ या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ऐन भरात आलेल्या स्वारांना वयाचं कुंपण आडवं यायचं. नॉर्मन पॅट्रिक यांनी १९८४मध्ये ‘माउंटेड गेम्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन’ काढली ती याच अडचणीतून. तिने मोठ्यांनाही मैदान दिलं, पाचांच्या संघाबरोबर जोडीच्या आणि एकेरी स्पर्धा आणल्या आणि वयोगट पाडले. बाराखालच्या मुलापासून चाळिशीतल्या आईपर्यंत कुणीही आता या खेळात असू शकतं. पुढे देशोदेशीच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. तिच्या स्पर्धांत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आपापल्या रंगांत वेगवेगळे उतरतात. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांचे संघही असतात. प्राथमिक फेऱ्यांतल्या गुणांवरून संघांची अंतिम फेरीत वर्गवारी होते.

पोनी क्लबच्या मुलांसाठी परदेशाचं दार त्याआधीच, क्लबाच्याच आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीतून उघडतं. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांचे निवडक छोटे संघ एकमेकांकडे जाऊन खेळतात. कॅनडात तर खेळांच्या या विभागाला आजही ‘प्रिन्स फिलिप गेम्स’च म्हणतात. अशा दौऱ्यावर जाणाऱ्या मुलीला घरचं तट्टू विमानात बसवून नेता येत नाही. तिला यजमान देशातल्या एखाद्या कुटुंबाचं तट्टू उसनं मिळतं.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पोनी क्लबची मुलगी गावात, विभागात, बर्मिंगहॅमच्या रिंगणातही शिलेदार असते. तट्टाची प्रत्येक खोड तिला पाठ असते. देशाचा रंग अंगावर चढतो तेव्हा मात्र ती बारगीर होते. वर्षानुवर्षं ज्याच्या भरवशावर ती इथवर आली, तेच नेमकं मागे राहतं, आणि बरोबर उरते ती फक्त तिची मांड आणि हात.

सामन्याआधीची सराव-सकाळ म्हणूनच पाहण्यासारखी असते. तट्टाची मालकीण, बहुधा अकरा-बारा वर्षांचीच, दोरी हातात धरून उभी असते आणि पाहुणीला घाईघाईने सांगत असते: डावीकडे वळताना हा खांदा टाकतो, फुग्यांना घाबरतो, तोंडात लगाम जोराने ओढू नकोस, नुसतं बोललीस तरी थांबतो. पाहुणी मान हलवत ऐकते, पट्ट्याखाली दोन बोटं सारते, रिकिबीची लांबी हातावर मोजते. मग तट्टाच्या खांद्याशी दोन पावलं धावते आणि झेप टाकते. पहिल्या खेपेला उंचीचा अंदाज चुकतो आणि ती पोटावर आडवी पडते. तट्टू मान वळवून पाहतं. मालकीण हसू दाबत दोरी पुन्हा पकडते आणि पाहुणी खाली उतरून, आयाळीत बोटं रुतवून, दुसऱ्यांदा धावायला लागते.