पाळीचा हक्क : पहिल्या हातचा आणि दुसऱ्या हातचा

क्रांति चौकांतून रेल्वे स्थानकाकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत उस्मानपुरा लागतो. छत्रपति संभाजीनगर हें नांव धारण करण्यापूर्वीं जें शहर औरंगाबाद म्हणून ओळखलें जाई, त्याची ही एक गजबजलेली वस्ती. संत एकनाथ रंगमंदिर येथेंच आहे. चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांत, पेढ्यांत, कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत काम करणारीं सुशिक्षित कुटुंबें या भागांत राहतात. अशा एखाद्या घरीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं दूरध्वनीची घंटा वाजते. सोडतींत नांव निघालें आहे, उभयतांनीं अमुक हॉटेलांत यावें, चहा घ्यावा आणि भेटवस्तु घेऊन जावें, असें आमंत्रण येतें. तेथें डोंगरावरील व समुद्रकांठच्या विश्रामस्थानांचीं चित्रें दाखविलीं जातात; आणि वर्षांतील सात दिवस, अशीं पंचवीस वर्षें, तेथें राहण्याचा हक्क कांहीं लाख रुपयांस देऊं केला जातो. सही आजच झाली तर किंमत कमी, उद्यां झाली तर अधिक! त्याच सुमारास दुसरें एखादें कुटुंब तसलाच हक्क निम्म्याहून कमी किंमतीस विकावयास निघालेलें असतें, आणि त्यास गिऱ्हाईक मिळत नाहीं.

एकच वस्तु, दोन हात आणि दोन किंमती. या अंतराचा अर्थ काय? या व्यवहारास टाइमशेअर असें परकें नांव असल्यामुळें तो इकडे कालपरवां आला असें वाटतें. परंतु वस्तु समग्र न घेतां तिच्यापासून मिळणारा हक्क विकत घ्यावयाचा, तो हिश्शांनीं अथवा दिवसांनीं वांटून घ्यावयाचा, आणि प्रसंगीं दुसऱ्यास विकावयाचा, ही रीति महाराष्ट्रांत शतकानुशतकें रूढ होती. तिचा इतिहास पाहिला म्हणजे आजच्या प्रश्नाची उकल पुष्कळशी सोपी होते.

मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी हें नगर वसविलें. पुढें औरंगाबाद झालें तें हेंच. त्याच्या जमीनमहसुलाच्या व्यवस्थेची आठवण दख्खनेंत दीर्घकाळ राहिली. त्या काळापासून पेशवाईअखेरपर्यंत गांवोगांवीं दोन प्रकारचे शेतकरी असत: उपरी आणि मिरासदार. उपऱ्यानें जमीन करारानें कसावी, ठरलेला सारा द्यावा आणि नको असेल तेव्हां निघून जावें. त्याच्यावर बंधन थोडें आणि त्याचा हक्कही थोडा. मिरासदाराचा हक्क मात्र वंशपरंपरेचा. तो गहाण ठेवतां येई आणि विकतांही येई. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर उपरी हा खोली भाड्यानें घेणारा प्रवासी आणि मिरासदार हा हक्काचा सभासद. परंतु या प्रतिष्ठेची दुसरी बाजू अशी कीं, साऱ्याचा तगादा मिरासदारास टाळतां येत नसे.

नवी मिरास दोन मार्गांनीं मिळे. एखाद्या घराचा वंश खुंटला, किंवा तें परागंदा होऊन परत आलें नाहीं, म्हणजे त्याची जमीन गतकूळ ठरे. अशी जमीन पाटील व गांवची पांढरी नव्या इसमास मिरासपत्र करून देत. हा पहिल्या हातचा व्यवहार होय. कारण ज्याच्या हातीं गांवची वही, त्याच्याकडूनच ही खरेदी होई. दुसरा मार्ग म्हणजे दुष्काळानें, कर्जानें किंवा घरांतील अडचणीनें टेकीस आलेल्या मिरासदाराकडून त्याचा हक्क विकत घेणें.

पाटीलकीचेंही तसेंच होतें. वेरूळची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती, हें सर्वश्रुत आहे. पाटीलकी सबंध विकली जाई, तशीच हिश्शानेंही विकली जाई. मग विक्रीपत्रांत इनाम जमिनीबरोबर मानपानही मोजून लिहावा लागे. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याच्या दिवशीं कोणाचे बैल पुढें, विडा आधीं कोणास, या गोष्टी त्या काळीं क्षुल्लक नव्हत्या. निम्मी पाटीलकी विकणारा पुष्कळदां वडीलपणाचा मान स्वतःकडे राखून ठेवी. घेणाऱ्यास उत्पन्न निम्में मिळे, परंतु मान दुसरा मिळे. एकाच नांवाच्या हक्कांतही दोन प्रती असूं शकतात, ही गोष्ट त्या लोकांस पुरती ठाऊक होती.

शिवाय अशी विक्री दोन इसमांच्या संमतीनें पुरी होत नसे. आधीं भाऊबंदांस विचारावें लागे. गोतसभेपुढें विकणाऱ्यानें आपण हें राजीखुषीनें देतों असें सांगावें, देशमुख-देशपांड्यांच्या व बलुतेदारांच्या साक्षी पडाव्या, सरकारांत नजर भरावी, आणि मग नवें नांव मान्य व्हावें, असा रिवाज होता. ज्यानें ही वाट चुकविली, त्याच्या पदरीं हक्काऐवजीं कज्जा पडे, आणि तो कज्जा त्याच्या नातवांपर्यंत चाले.

हक्क दिवसांनीं वांटण्याची रीति देवस्थानांत अधिक स्पष्ट दिसते. पूजेची व उत्पन्नाची पाळी घराण्यांत वांटलेली असे. पिढ्या वाढत तसतसे पाळीचे तुकडे पडत आणि एकेकाच्या वांट्यास वर्षांतले थोडेच दिवस येत. त्यांतही सर्व दिवस सारख्या मोलाचे नसत. पंढरपुरांत आषाढी-कार्तिकीचा दिवस आणि एरवींचा दिवस यांच्या उत्पन्नांत जमीनअस्मानाचें अंतर. आणि बडवेमंडळींत उत्पन्नाचा हक्क लिलावानेंही दिला जात असे. आजच्या कंपन्या वर्षाचे मोसम रंगांनीं वेगळे करतात आणि गर्दीच्या मोसमास अधिक मोल घेतात. रंग नवे आहेत. हिशेब जुनाच आहे.

या जुन्या हक्कांचा शेवट काय झाला, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मुलकी पाटलाचें वंशपरंपरागत पद महाराष्ट्रांत १९६२ च्या अधिनियमानें रद्द झालें. पंढरपूरच्या देवळांतील वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या अधिनियमानें संपविले, आणि दीर्घ कज्जानंतर जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बडव्यांचें अपील फेटाळलें. हे बदल लोकहिताचे होते. परंतु विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनें त्यांतील बोध असा कीं, असा हक्क जमिनीसारखा पायाखालीं नसतो. तो कोणाच्या तरी वहींत असतो.

आतां नव्या पाळीकडे वळावें. १९६३ मध्यें स्वित्झर्लंडांत हापिमाग नांवाची संस्था निघाली. तिनें सभासदांस विशिष्ट खोली न देतां दरसाल पॉइंट देण्याची योजना काढली. मोठी खोली किंवा गर्दीचा मोसम असेल तर पॉइंट अधिक खर्च व्हावयाचे, लहान खोली किंवा निवांत मोसम असेल तर कमी. १९७४ मध्यें अमेरिकेंत आर. सी. आय. ही संस्था निघाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेण्याची सोय झाली. हिंदुस्थानांत स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्यें व महिंद्र हॉलिडेज ही १९९६ मध्यें स्थापन झाली. पंचवीस वर्षें आणि दरसाल सात दिवस, हें सभासदत्व मध्यमवर्गीय घरांत परिचित झालें तें तेव्हांपासून.

पहिल्या हातची किंमत एवढी चढी कां? विश्रामस्थान बांधण्याचा खर्च तिच्यांत असतोच. परंतु गिऱ्हाईक शोधण्याचा खर्चही तिच्यांत असतो. तो दूरध्वनि, तें हॉटेल, तो चहा, ती भेटवस्तु आणि विक्रेत्याची दलाली, हें सर्व अखेर सही करणाऱ्याच्या पैशांतूनच भागतें. अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांच्या हिशेबांत विक्री व प्रचार यांचा खर्च विक्रीच्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास दिसतो. हा खर्च दुसऱ्या गिऱ्हाइकास विकतां येत नाहीं. म्हणून सही वाळते न वाळते तोंच हक्काचें बाजारांतील मोल खालीं येतें. अमेरिकेंत तर एका डॉलरास हक्क देऊं करणाऱ्या जाहिरातीही निघाल्या आहेत. कारण विकणाऱ्यास किंमत नको असते, वार्षिक शुल्कांतून सुटका हवी असते. साऱ्याच्या तगाद्यानें गांजलेला मिरासदार येथें पुन्हां भेटतो.

मग दुसऱ्या हातचा हक्कच शहाणपणाचा, असें म्हणावें काय? येथें थोडा हिशेब पाहिला पाहिजे. समजा, कंपनीकडून पंचवीस वर्षांचा हक्क ४ लाख रुपयांस मिळतो आणि वार्षिक शुल्क २० हजार रुपये आहे. वर्षास सात याप्रमाणें १७५ रात्री होतात. मूळ किंमतीचा भार दर रात्रीस सुमारें २,२८६ रुपये आणि शुल्काचा २,८५७ रुपये, मिळून ५,१४३ रुपये. आतां पंधरा वर्षें उरलेला हक्क दुसऱ्या हातून दीड लाखास घेतला आणि नांवबदलास २० हजार पडले, असें धरावें. १०५ रात्रींवर हा भार दर रात्रीस १,६१९ रुपये, शुल्क तेंच, मिळून ४,४७६ रुपये. मूळ खर्च निम्म्याहून खालीं आला, पण रात्रीचा खर्च अवघा ६६७ रुपयांनीं उतरला. शुल्क दोघांसही सारखें, आणि तेंच मोठें. तें पुढें वाढलें तर दोघांसही सारखेंच जाचतें.

व्याजाची गोष्ट वेगळी. ४ लाखांवर शेंकडा सात व्याज धरलें तर पहिल्या वर्षीं २८ हजार, म्हणजे दर रात्रीस ४ हजार रुपये हातचे जातात. दुसऱ्या हातच्या १ लाख ७० हजारांवर हाच आंकडा १,७०० रुपये होतो. ज्या घरांत मुलांच्या शिक्षणाची व म्हातारपणाची तरतूद व्हावयाची आहे, तेथें गुंतून पडलेल्या पैशाचा हा भेद विसरून चालत नाहीं.

तथापि स्वस्ताईबरोबर वडीलपणाचा जुना प्रश्न येतोच. विकणाऱ्या सभासदाजवळ जें होतें, तें सर्व घेणाऱ्यास मिळेल असें नाहीं. डिस्नेच्या सुटी-सभासदत्वाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथें कोणी सभासद हक्क विकूं लागला तर त्याच किंमतीस तो आधीं स्वतः घेण्याचा अधिकार कंपनीनें राखून ठेवला आहे. भाऊबंदांस आधीं विचारण्याचा जो रिवाज, तोच हा. फक्त भाऊबंदांच्या जागीं कंपनी आली. शिवाय जानेवारी २०१९ पासून दुसऱ्या हातून पॉइंट घेणाऱ्यांवर नवें बंधन आलें. जुन्या चौदा ठिकाणांचे पॉइंट अशा रीतीनें घेतले तर ते त्या चौदांतच चालतात, पुढें निघालेल्या नव्या ठिकाणीं चालत नाहींत. पॉइंट तेच, मान दुसरा.

जुन्या खरेदीदाराच्या पाठीशीं गोतसभा असे. आजच्याच्या पाठीशीं कायदा किती आहे? युरोपांत १९९४ मध्यें या व्यवहाराविषयीं पहिले सामायिक नियम झाले, आणि २००८ च्या नियमांनीं कारण न देतां चौदा दिवसांत करार सोडण्याची मुभा दिली. त्या नियमांत दुसऱ्या हातच्या विक्रीचे दलालही येतात आणि विक्री पुरी होण्याआधीं त्यांस पैसे घेतां येत नाहींत. भारतांत २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानें अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची वाट दिली आहे. परंतु दाद मागणें हा उपाय आजार झाल्यानंतरचा आहे.

उस्मानपुऱ्यांतील त्या जोडप्यापुढें कागद ठेवला जातो तेव्हां पहिला हात कीं दुसरा, हा प्रश्न खरोखर दुसरा ठरतो. पहिला प्रश्न असा कीं, मिरासदार व्हावयाचें कीं उपरीच राहावयाचें? दरसाल सुटी मिळेल, मुलांच्या परीक्षा आड येणार नाहींत, घरांतील वडील माणसांची प्रकृति साथ देईल आणि हव्या त्या मोसमांत जागा सांपडेल, अशी ज्या घराची खात्री आहे, त्यानें हक्काचा विचार करावा; इतरांस भाड्याची खोलीच परवडते. हक्क घ्यावयाचाच ठरला, तर दुसऱ्या हातची किंमत आधीं विचारावी. कारण विकणाऱ्याच्या स्तुतीपेक्षां ती खरें बोलते. आणि पैसे मोजण्यापूर्वीं तीन गोष्टी कागदावर मिळवाव्या: किती वर्षें उरलीं आहेत, शुल्काची बाकी काय आहे, आणि नवें नांव वहींत चढल्यावर कोणते हक्क गळून पडणार आहेत. गोतसभेपुढें उभा राहणारा जुना खरेदीदार दुसरें कांहीं विचारीत नसे.