हृदयाची दुर्बलता आणि गावची परिचारिका

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके. त्यांच्या पूर्व भागात कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी ऊस, कांदा आणि द्राक्षे पिकविणारी सधन गावे आहेत. पश्चिमेस नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर अशी सह्याद्रीची राने असून तेथे भातखाचरांवर आणि हिरड्याच्या गोळाबेरजेवर गुजराण करणाऱ्या महादेव कोळ्यांच्या वस्त्या आहेत. शिवनेरीमुळे हा प्रदेश महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात अजरामर झाला आहे. परंतु त्याला दुसराही एक इतिहास आहे, आणि तो आजार व शुश्रूषा यांचा आहे. त्यातील एका दुखण्यापुरते पाहिले तरी पुष्कळ बोध होण्यासारखा आहे. ते दुखणे म्हणजे हृदयाची दुर्बलता, अर्थात डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात ते.

या नावाने सामान्य माणसाची दिशाभूल होते. हृदय एकाएकी बंद पडले, असा त्याचा अर्थ नव्हे. हृदयाचा स्नायू थकतो किंवा ताठरतो, शरीराला हवे तितके रक्त तो पुढे ढकलू शकत नाही, आणि मग पाणी साचू लागते. प्रथम घोट्यांवर सूज येते, चढण चढताना दम लागतो, पुढे रात्री आडवे पडवत नाही आणि माणूस उशांचा ढीग करून बसल्या बसल्या झोपतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहणे, हृदयविकाराचा झटका येऊन स्नायूचा काही भाग मरणे, आणि लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडणे, ही त्याची आपल्याकडील प्रमुख कारणे होत. हा आजार बहुधा समूळ जात नाही. तो सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळणार कोण, हाच या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे.

या रोगावरील पहिले खात्रीचे औषध एका खेडवळ बाईच्या पोतडीतून आले. इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात एक वृद्ध स्त्री अंगावरील सुजेला वीसेक वनस्पतींचा काढा देत असे. विल्यम विदरिंग या वैद्याने त्यातील गुणकारी वनस्पती डिजिटॅलिस ही होय, हे ओळखले आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. औषध प्रभावी खरे, पण मात्रा थोडी चुकली की तेच विष ठरे. म्हणून रोग्याच्या नाडीवर, लघवीवर आणि मळमळीवर रोज नजर ठेवणारे कोणीतरी जवळ असणे आवश्यक झाले. औषध आणि पाळत यांची ही जोडी तेव्हापासून आजतागायत सुटलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात या विद्येचा वारा जुन्नराकडेही आला. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे दख्खन व खानदेशात देवी टोचणारे सरकारी अधिकारी होते. १८३८ पासून त्यांच्याकडे पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाची व्यवस्था आली, आणि जुन्नरच्या मुलखात हिवरे येथे औषधी वनस्पतींची सरकारी बाग त्यांच्या देखरेखीखाली फुलली. तेथे तयार झालेली औषधे सरकारी भांडारासाठी जात. देवीची लस तेवढी गावोगाव फिरली. लस घेऊन दारी येणारा माणूस गावाला ठाऊक झाला. परंतु आजाऱ्याची विचारपूस करण्यासाठी दुसऱ्यांदा दारी येणारे माणूस अजून जन्मास यावयाचे होते.

ते माणूस स्त्रीच्या रूपाने आले, आणि तेही सहजासहजी नव्हे. परक्याच्या अंगाला हात लावण्याचे काम हलके मानण्याचा तो काळ होता. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांनी पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथील विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण मिळण्याची सोय संस्थेने केली. ज्या घरांतून मुलीला उंबरठा ओलांडू देत नसत, त्या घरांतील स्त्रिया रुग्णालयात रात्रपाळी करू लागल्या. आज घोडेगाव किंवा मंचरच्या रस्त्याने एकटी हिंडणारी परिचारिका कोणाच्या नजरेत खुपत नाही, याचे श्रेय या पहिल्या पिढीकडे जाते.

परिचारिकेची नोंद किती मोलाची असते, याचे एक उदाहरण व्हिएन्ना शहरातील आहे. १९१९ साली तेथील रुग्णालयात एका मुलीला निराळ्याच रोगासाठी पाऱ्याचे एक औषध टोचण्यात आले. रोजच्या तक्त्यावर लघवीचे माप काटेकोरपणे मांडले जात असल्यामुळे, औषध दिलेल्या दिवशी ते माप एकदम वाढल्याचे अल्फ्रेड फोगल या तरुण विद्यार्थ्याच्या ध्यानात आले. त्यातूनच सूज उतरविणाऱ्या पाऱ्याच्या औषधांचा उपयोग सुरू झाला, आणि पुढे १९५० नंतरच्या दशकात अधिक निर्धोक गोळ्या निघेपर्यंत तीच औषधे चालली. शोध लागला तो तक्ता नीट ठेवलेला होता म्हणून.

आपल्याकडे ही शुश्रूषा खेड्यापर्यंत नेण्याचा पहिला व्यवस्थित आराखडा भोर समितीने मांडला. १९४६ च्या तिच्या अहवालात चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले होते. त्यात डॉक्टर दोनच होते. परंतु एक परिचारिका, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुइणी आणि चार शिकविलेल्या दाया असे तेरा जणींचे मनुष्यबळ धरले होते. या आकड्यांवरूनच कामाचा भार कोणी वाहावयाचा हे स्पष्ट होते. १९५२ साली समाजविकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रे त्यांच्या कारभारात गेली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर उपकेंद्राची परिचारिका ही बहुउद्देशीय सेविका ठरली. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण रूढ झाले.

तथापि तिच्या कामाची चौकट बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांभोवती आखली गेली. त्या काळी तेच योग्य होते. माता आणि अर्भके मोठ्या संख्येने दगावत होती. हृदयरोग हा शहरातील सुखवस्तू माणसाचा रोग, अशी समजूत होती. वस्तुतः दरिद्री घरातील मुलाचा दुखरा घसा आणि त्यामागून येणारा सांध्यांचा ताप हा हृदयाची झडप कुरतडत होताच. अशी मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की सातव्या-आठव्या महिन्यात तिला धाप लागे, आणि ती प्रथम दिसे ती याच परिचारिकेला. या विकारावर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची एक सुई वर्षानुवर्षे द्यावी लागते. ती सुई चुकू न देणे हे कोणत्याही शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि ते गावातच होऊ शकते.

गावातील साधी स्त्री हे काम पेलू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगापुढे ठेवला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम आरंभिले आणि निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढू येथे, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी त्याच दशकात हाच मार्ग धरला.

परदेशात या विचाराची कसोटी हृदयाच्या दुर्बलतेवर लागली. १९९५ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील अभ्यासात सत्तरी ओलांडलेले २८२ रोगी होते. त्यांतील निम्म्यांना परिचारिकेच्या नेतृत्वाखाली आहाराची शिकवण, औषधांची छाननी आणि घरी गेल्यावर पाठपुरावा असा लाभ देण्यात आला. नव्वद दिवसांत याच रोगासाठी पुन्हा रुग्णालयात येण्याचे प्रमाण त्यांच्यात निम्म्याहून कमी झाले. २००१ मध्ये ग्लासगो येथे घरी भेट देणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. आपल्या देशात अशा काळजीची निकड किती आहे, हे केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्याच्या नोंदवहीने दाखविले. २०१३ साली तेथील रुग्णालयांत नोंदलेल्या १,२०५ रोग्यांचे सरासरी वय ६१ होते, म्हणजे पाश्चात्त्य रोग्यांहून सुमारे दहा वर्षांनी कमी. पाच वर्षांत त्यांपैकी ५९ टक्के मरण पावले. शास्त्रशुद्ध औषधांचा पूर्ण संच घेऊन घरी गेलेले रोगी जेमतेम चौथाई होते.

ही परिचारिका नेमके करते तरी काय? तिचे काम दिसावयास अगदी साधे आहे. सकाळी शौचाहून आल्यावर, न्याहारीपूर्वी, रोग्याचे वजन करावयाचे आणि लिहून ठेवावयाचे. तीन दिवसांत ते दोन किलोने वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी होय. आणि त्याच वेळी औषध वाढविले तर पुण्याची फेरी व रुग्णालयातील खाट वाचते. पापड, लोणचे, सुकट आणि खारट ठेचा यांतून किती मीठ पोटात जाते, हे स्वयंपाकघरात बसून सांगावयाचे. सूज उतरली म्हणून गोळ्या सोडून देणाऱ्यास, सूज उतरली ती गोळ्यांमुळेच, हे समजावयाचे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी अशा रोग्यात पाणी साठविते, याची आठवण द्यावयाची. यातील एकही गोष्ट पुण्याच्या रुग्णालयात बसून करता येत नाही.

अलीकडे चौकट बदलू लागली आहे. २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम निघाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, तेथे समुदाय आरोग्य अधिकारी आले, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तशर्करा तपासणे हा नियम झाला. रक्तदाब वेळीच आवरला तर हृदय दुर्बल होण्याचाच प्रसंग पुष्कळांवर येणार नाही.

परंतु ज्याचे हृदय आधीच दुर्बल झाले आहे, त्याचे काय? आहुप्याच्या बाजूचा एखादा वृद्ध पुण्याहून बरा होऊन एस.टी.ने घरी परततो, तेव्हा त्याच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या आणि एक कागद असतो. तो कागद उपकेंद्रात वाचला गेला, पुढील महिन्याच्या गोळ्या जवळच मिळाल्या, वजनाचा काटा हाताशी असला, आणि कोणत्या खुणा दिसताच कोठे पाठवावे हे परिचारिकेला लिहून दिलेले असले, तर पावसाळ्यात घाट धुक्यात बुडालेला असतानाही त्याचा जीव सुरक्षित राहू शकेल. नाही तर भातलावणीच्या दिवसांत गोळ्या संपतील, सूज चढेल आणि मध्यरात्री गाडीची शोधाशोध सुरू होईल.

भोर समितीने एका केंद्रामागे तेरा स्त्रिया मोजल्या होत्या. आजच्या परिचारिकेवर नोंदवह्यांचा आणि मोबाइलवर भरावयाच्या माहितीचा भार आहे. त्यात हे नवे काम नुसते वाढवून भागणार नाही. त्यासाठी तिला वेळ, मदतीला आणखी हात, आणि ठरलेल्या मर्यादेत औषधाची मात्रा बदलण्याचा अधिकार द्यावा लागेल. देवी टोचणाऱ्याने गावात एकदा येऊन भागत असे. दुर्बल हृदयाच्या रोग्याकडे मात्र पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि त्या वाटेने जाणारी बाई जुन्नर-आंबेगावच्या गावांना आधीच ओळखीची आहे.