नहपानाच्या नाकावर टिच्चून

मोबाइल खिशातच राहू द्या, इथे रेंज नाही. एकोणीसशे वर्षं मागे आलात आणि नाकात पहिल्यांदा घुसला तो बैलांच्या घामाचा, शेणाचा आणि तिळाच्या तेलाचा वास. हे प्रतिष्ठान. म्हणजे संभाजीनगरहून तासाभरावरचं आपलं पैठणच; गोदावरी तीच. सरका, सरका! अकीक भरलेल्या गाड्या भडोच बंदराला निघाल्यात, वीस दिवसांची वाट आहे. गाडीवानाचं कोपर बरगडीत बसलं तरी तो वळूनसुद्धा बघणार नाही.

ठणठणाट येतोय तिकडे चला. टांकसाळ पैठणातच होती असं धरून चालू. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सूट हवीच. दारातच भट्टीची धग तोंडावर येते. आत चांदीच्या नाण्यांचा ढीग. एक उचला. जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅमचं, अंगठ्याच्या नखाएवढं. एका बाजूला राजाचा चेहरा, कडेने ग्रीक अक्षरं; मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. हा शक क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान. हरला बिचारा. जिंकला तो इथला राजा गौतमीपुत्र सातकर्णी. शक, यवन आणि पह्लव, म्हणजे इराणकडचे पार्थियन, यांना माझ्या लेकाने धूळ चारली, असं त्याची आई बलश्री पुढे नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवणार आहे.

पण एवढी चांदी वितळवत कोण बसतो? कारागीर नाणं ऐरणीवर ठेवतो, वर ठसा धरतो आणि ठण्ण! नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर उमटतो, भोवती नव्या राजाचं नाव. उलटवून पुन्हा ठण्ण, उज्जैनी चिन्ह: फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. तुमच्या कानात दडे बसलेत, त्याला सवय आहे. काम मात्र घाईचं. कुठे जुन्या राजाचं नाक डोकावतं, कुठे नुसती हनुवटी. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली १३,०००हून जास्त नाणी निघाली, त्यांतली ९,०००च्या वर अशीच दोन राजांची. मला तर कोऱ्या नाण्यांपेक्षा हीच जास्त आवडतात.

चला, आता कापड घेऊ. नाशिकला कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, पैसे ठेवले तर महिना शेकडा एक व्याज मिळतं आणि बारा कार्षापणांत, म्हणजे चांदीच्या बारा नाण्यांत, एका भिक्खूचं वर्षाचं कापड भागतं. तुम्ही भिक्खू नाही, तेव्हा घासाघीस करा. दुकानदार नाणं दगडावर आपटून आवाज ऐकतो, तळहातावर तोलतो. चेहरा कुणाचा, हे बघतही नाही. शिशाची सुटी नाणी तुमच्या ओंजळीत ओततो. मोजून घ्या. तुम्ही परगावचे आहात हे त्याने केव्हाच ओळखलंय.