विषम वजनाची लढत (मुष्टियुद्ध)

विषम वजनाची लढत म्हणजे वजनात लक्षणीय तफावत असलेल्या दोन मुष्टियोद्ध्यांमधील सामना. आधुनिक मुष्टियुद्धात, म्हणजेच बॉक्सिंगमध्ये, खेळाडूंची विभागणी वजनगटांत केली जात असल्यामुळे अशा लढती अपवादाने होतात. त्यांचे प्रसंग मुख्यतः तीन आहेत. पहिला, हलक्या गटातील विजेता वरच्या गटातील विजेत्याला आव्हान देतो तो. दुसरा, वजनाची कमाल मर्यादा नसलेल्या हेवीवेट गटातील लढतींचा. तिसरा प्रसंग वजन करताना समान असलेल्या खेळाडूंपैकी एकाचे वजन प्रत्यक्ष लढतीपर्यंत बरेच वाढते तेव्हा उद्भवतो.

दोघेही सारखेच निपुण असतील तर जास्त वजनाचा खेळाडू जिंकतो, असा या क्षेत्रातील जुना संकेत आहे. विषम वजनाच्या लढतीचे भाकीत करताना हा संकेत आरंभबिंदू म्हणून उपयोगी पडतो. तथापि वजनातील जवळजवळ सारख्याच तफावतीतून परस्परविरोधी निकाल लागल्याची अनेक उदाहरणे आहेत.

वजनगटांचा इतिहास

इंग्लंडमध्ये अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उघड्या मुठींनी होणाऱ्या मुष्टियुद्धात आजच्यासारखे निश्चित वजनगट नव्हते. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आणि तीन मिनिटांची फेरी रूढ केली. त्यानंतरही गटांच्या मर्यादा स्थळाप्रमाणे व विजेत्याच्या सोयीप्रमाणे बदलत राहिल्या. १९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगट निश्चित केले. १९२० च्या वॉकर कायद्यान्वये न्यूयॉर्क राज्यात व्यावसायिक मुष्टियुद्धाला कायदेशीर चौकट मिळाली आणि वजनगटांची व्यवस्था अमेरिकेतही दृढ झाली.

सध्या व्यावसायिक मुष्टियुद्धात साधारणतः सतरा वजनगट मानले जातात. सर्वांत हलक्या गटाची मर्यादा १०५ पौंड (४७.६ किलो) आहे, तर २०० पौंडांपेक्षा (९०.७ किलो) अधिक वजनाचे सर्व खेळाडू हेवीवेट गटात येतात. गटांमधील अंतर सारखे नाही. सर्वांत हलक्या दोन गटांच्या मर्यादांत केवळ ३ पौंडांचे अंतर आहे. याउलट लाइट हेवीवेट (१७५ पौंड) आणि क्रूझरवेट (२०० पौंड) यांच्या मर्यादांत २५ पौंडांचे अंतर आहे.

वजनाचा परिणाम

अधिक वजनाचा लाभ अनेक प्रकारे होतो. ठोशामागे अधिक वस्तुमान असल्याने त्याचा संवेग वाढतो. जड डोके व जाड मान असलेल्या खेळाडूच्या डोक्याला तेवढ्याच जोराच्या ठोशाने कमी हिसका बसतो. जड खेळाडू बहुधा उंच असतो व त्याच्या हातांचा पल्लाही मोठा असतो, त्यामुळे तो दुरून ठोसे मारू शकतो. दोघे एकमेकांना बिलगले असता तो आपला भार प्रतिस्पर्ध्यावर टाकतो. हा भार फेऱ्यांमागून फेऱ्या पेलताना हलक्या खेळाडूचे पाय आणि श्वास थकतात.

मात्र हा लाभ वजनाच्या थेट प्रमाणात वाढत नाही. स्नायूचे बल त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सारख्याच ठेवणीच्या दोन शरीरांपैकी एकाचे वजन दहा टक्क्यांनी अधिक असेल, तर त्याचे बल स्थूलमानाने साडेसहा टक्क्यांनीच अधिक असते. शिवाय जड शरीर हलवण्यासाठी अधिक ऊर्जा खर्च होते. हलक्या खेळाडूची संधी याच दोन गोष्टींत असते.

तफावतीचे मोजमाप

वजनातील फरक नुसत्या पौंडांत किंवा किलोंत सांगणे दिशाभूल करणारे ठरू शकते. पाच किलोंचा फरक ४८ किलोच्या खेळाडूसाठी दहा टक्क्यांहून अधिक असतो, तर १०० किलोच्या खेळाडूसाठी पाच टक्केच. म्हणून हा फरक हलक्या खेळाडूच्या वजनाच्या टक्केवारीत सांगणे अधिक योग्य होय.

तराजूवरील वजन आणि रिंगणातील वजन यांतही भेद करावा लागतो. व्यावसायिक लढतींत वजन बहुधा आदल्या दिवशी केले जाते. खेळाडू शरीरातील पाणी कमी करून गटाची मर्यादा गाठतात आणि पुढच्या चोवीस तासांत आहार व द्रवपदार्थ घेऊन वजन भरून काढतात. त्यामुळे कागदोपत्री समसमान असलेली लढत प्रत्यक्षात विषम होऊ शकते.

२६ फेब्रुवारी २००० रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेली आर्तुरो गॅटी विरुद्ध जोई गमाश ही लढत याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. ठरलेली मर्यादा १४१ पौंडांची होती. लढतीच्या रात्री दूरचित्रवाणी वाहिनीने केलेल्या अनौपचारिक मोजणीत गॅटीचे वजन १६०, तर गमाशचे १४५ पौंड भरले. दुसऱ्या फेरीत गमाश नॉकआउट झाला. त्याच्या मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा कधीही रिंगणात उतरला नाही.

उल्लेखनीय लढती

डेम्प्सी विरुद्ध विलार्ड (१९१९) : ४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील टोलेडो येथे हेवीवेट विजेता जेस विलार्ड २४५ पौंडांचा (१११ किलो), तर आव्हानवीर जॅक डेम्प्सी १८७ पौंडांचा (८५ किलो) होता. डेम्प्सीने पहिल्याच फेरीत विलार्डला सात वेळा खाली पाडले. तिसऱ्या फेरीनंतर विलार्डने माघार घेतली. तो त्यावेळी ३७ वर्षांचा होता आणि तीन वर्षांत त्याने किताब पणाला लावला नव्हता. डेम्प्सी २४ वर्षांचा होता व सातत्याने लढत होता.

कार्नेरा विरुद्ध लॉफ्रन (१९३४) : १ मार्च १९३४ रोजी मायामी येथे २७० पौंडांच्या प्रिमो कार्नेराने १८४ पौंडांच्या टॉमी लॉफ्रनला पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरवले. लॉफ्रन हा लाइट हेवीवेट गटाचा माजी जगज्जेता व तंत्रशुद्ध खेळाडू म्हणून नावाजलेला होता.

लुईस विरुद्ध कॉन (१९४१) : १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये १७४ पौंडांचा बिली कॉन हा जवळपास २०० पौंडांच्या जो लुईसविरुद्ध बारा फेऱ्यांअखेर दोन गुणदात्यांच्या मते आघाडीवर होता. तेराव्या फेरीत लुईसला नॉकआउट करण्याच्या इराद्याने तो अंगावर गेला आणि फेरीला दोन सेकंद उरले असताना स्वतःच नॉकआउट झाला.

स्पिंक्स विरुद्ध होम्स (१९८५) : लाइट हेवीवेट विजेता मायकेल स्पिंक्स याने नियोजनपूर्वक वजन २०० पौंडांपर्यंत वाढवून तोवर ४८ लढतींत अपराजित असलेल्या लॅरी होम्सला गुणांवर हरवले. होम्स सुमारे २२१ पौंडांचा होता. पदावरील लाइट हेवीवेट विजेत्याने हेवीवेट किताब जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. १९८८ मध्ये मात्र याच स्पिंक्सला माइक टायसनने ९१ सेकंदांत नॉकआउट केले. त्या लढतीत दोघांच्या वजनांत फारसा फरक नव्हता.

हे विरुद्ध वालुयेव (२००९) : न्यूरेंबर्ग येथे सुमारे २१७ पौंडांच्या डेव्हिड हेने सुमारे ३१६ पौंडांच्या व जवळपास सात फूट उंचीच्या निकोलाय वालुयेवला गुणांवर पराभूत केले. हे सतत जागा बदलत राहिला, निवडक ठोसे मारून मागे सरला आणि बिलगण्याची संधी त्याने क्वचितच दिली.

सारखी तफावत, भिन्न निकाल

या लढतींची टक्केवारीने तुलना केल्यास वजनाच्या आधारे केलेल्या भाकिताची मर्यादा स्पष्ट होते. लॉफ्रनच्या तुलनेत कार्नेरा सुमारे ४७ टक्क्यांनी जड होता, तर हेच्या तुलनेत वालुयेव सुमारे ४६ टक्क्यांनी. पहिल्या लढतीत जड खेळाडू जिंकला, दुसऱ्या लढतीत हलका.

वरच्या गटात जाणाऱ्या विजेत्यांबाबतही हेच आढळते. सप्टेंबर २०१६ मध्ये लंडन येथे केल ब्रूक वेल्टरवेटमधून (१४७ पौंड) थेट मिडलवेटमध्ये (१६० पौंड) गेला, म्हणजे त्याने सुमारे ९ टक्क्यांची झेप घेतली. गेनाडी गोलोव्हकिनविरुद्धच्या त्या लढतीत त्याच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आणि पाचव्या फेरीत त्याच्या प्रशिक्षकाने टॉवेल फेकून लढत थांबवली. सप्टेंबर २०२५ मध्ये टेरेन्स क्रॉफर्डने १५४ पौंडांच्या गटातून १६८ पौंडांच्या गटात तेवढीच झेप घेतली आणि लास व्हेगास येथे साउल अल्वारेझला गुणांवर हरवले.

नोव्हेंबर २०१० मध्ये टेक्सास येथे झालेल्या लढतीच्या रात्री अँटोनियो मार्गारितो मॅनी पॅक्याओपेक्षा सुमारे १७ पौंडांनी, म्हणजे ११ टक्क्यांहून थोडा अधिक, जड असल्याचे नोंदले गेले. गॅटी व गमाश यांच्यातील तफावत सुमारे १० टक्के होती. पॅक्याओ मात्र सहज जिंकला आणि डोळ्याच्या खोबणीचे हाड मार्गारितोचे मोडले.

भाकिताचे निकष

अशा लढतींचे भाकीत करताना वजनासोबत पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

• वजनाचे स्वरूप : जड खेळाडूचे वजन स्नायूंचे आहे की निष्क्रियतेतून वाढलेले. हलक्या खेळाडूने वजन महिनोन्‌महिने मेहनत करून वाढवले आहे की घाईने.
• वेग आणि पदलालित्य : हलका खेळाडू ठोसा मारून पल्ल्याबाहेर जाऊ शकतो का, आणि हे शेवटच्या फेरीपर्यंत टिकवू शकतो का.
• ठोशाची क्षमता : हलक्या खेळाडूचा ठोसा वरच्या गटातही धाक बसवण्याइतका जोरदार आहे का. धाक नसल्यास जड खेळाडू निर्धास्तपणे पुढे येत राहतो.
• वय आणि सराव : विलार्डप्रमाणे जड खेळाडू उताराला लागलेला आहे का.
• फेऱ्यांची संख्या : फेऱ्या वाढतात तसा तंत्रशुद्ध खेळाडूला गुण मिळवण्यास अवधी मिळतो. मात्र निर्णायक ठोशाचा धोकाही तितकाच लांबतो, हे कॉनच्या लढतीत दिसले.

निवडीचा दोष

हलक्या खेळाडूंच्या विजयांची यादी पाहून वजनाला फारसे महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. सर्वसामान्य हलक्या खेळाडूला जड प्रतिस्पर्ध्याविरुद्ध उतरवण्यास नियामक मंडळे मान्यता देत नाहीत. मान्यता मिळते ती बहुधा असामान्य गुणवत्ता सिद्ध केलेल्यांना. शिवाय ते प्रतिस्पर्धीही पारखून निवडतात. कुस्तीच्या भाषेत सांगायचे तर ही जोड विचारपूर्वक लावलेली असते. त्यामुळे इतिहासातील विषम लढती हा सर्व संभाव्य विषम लढतींचा प्रातिनिधिक नमुना नव्हे. अनपेक्षित विजय दीर्घकाळ स्मरणात राहतात, अपेक्षित पराभव विसरले जातात. त्यामुळेही अंदाज चुकतो.

संगणकी भाकिते

१९६७ साली अमेरिकेत मरे वोरोनर या निर्मात्याने संगणकाच्या साहाय्याने वेगवेगळ्या कालखंडांतील हेवीवेट विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा रेडिओवर सादर केली. तीत जेम्स जेफ्रीजकडून पराभूत दाखवल्याबद्दल मुहम्मद अलीने दावा दाखल केला. पुढे अली व निवृत्त विजेता रॉकी मार्सियानो यांच्यातील काल्पनिक लढत चित्रित करण्यात आली. आपल्या उमेदीत मार्सियानो सुमारे ८५ किलोचा, तर अली सुमारे ९५ किलोचा होता. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या चित्रपटात हलक्या मार्सियानोचा तेराव्या फेरीत विजय दाखवला गेला. त्याआधीच, ऑगस्ट १९६९ मध्ये, विमान अपघातात मार्सियानोचे निधन झाले होते. संगणकाचे उत्तर त्याला पुरवलेल्या गुणांकनावर अवलंबून असते, आणि ते गुणांकन माणसांच्याच मतांवर आधारलेले होते.

भारतीय संदर्भ

भारताच्या मेरी कोम यांनी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील सहाही सुवर्णपदके ४५ ते ४८ किलो दरम्यानच्या गटांत मिळवली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या मुष्टियुद्धाचा प्रथमच समावेश झाला, परंतु त्यात ५१, ६० व ७५ किलो असे तीनच गट होते. त्यामुळे त्यांना वजन वाढवून ५१ किलो गटात उतरावे लागले. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला ॲडम्स यांच्याकडून त्या ११–६ अशा गुणांनी पराभूत झाल्या व कांस्यपदकाच्या मानकरी ठरल्या. तीन किलोंचा फरक वरकरणी किरकोळ वाटतो, पण ४८ किलोच्या खेळाडूसाठी तो सव्वासहा टक्के होतो.

सुरक्षितता

वजनगटांचा प्रमुख हेतू निकाल अनिश्चित व रंगतदार ठेवणे एवढाच नसून खेळाडूंना गंभीर दुखापतीपासून वाचवणे हा आहे. हौशी स्पर्धांत लढतीच्या दिवशीच सकाळी वजन केले जाते, त्यामुळे वजन भरून काढण्यास अवधी राहत नाही. व्यावसायिक संघटनांपैकी आयबीएफने किताबाच्या लढतींसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करण्याची व गटमर्यादेपेक्षा १० पौंडांहून अधिक वाढ न होऊ देण्याची अट घातलेली आहे.

विद्यार्थी व नवोदित खेळाडूंच्या बाबतीत वजनाची तफावत विशेष धोकादायक मानली जाते. हे किंवा पॅक्याओ यांच्या विजयांमागे असलेले वेग, अनुभव व संरक्षणाचे तंत्र नवोदितांजवळ नसते. म्हणून सरावाच्या वेळीही वजन, वय व अनुभव पाहूनच जोडीदार ठरवला जातो.

हेही पहा

• मुष्टियुद्ध
• क्वीन्सबेरी नियम
• ऑलिंपिक खेळातील मुष्टियुद्ध
• मेरी कोम
• कुस्ती