नाक खाली

वऱ्हाडात 'गॅस' पहिल्यांदा आला तो ओट्यावर नाही, डोक्यावर. लग्नाच्या वरातीत आणि पालखीपुढे डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया चालायच्या. दंडार असली की दोन बत्त्या बांबूला टांगायच्या. अकोल्यात टिळक रोडच्या एका बोळात माझ्या बाबांचं चार फूट रुंदीचं दुकान होतं, तिथे या बत्त्या आणि पितळी स्टो दुरुस्तीला यायचे. बत्तीत गॅस नावालाच, आत रॉकेल. पंप मारला की हवेच्या दाबाने रॉकेल तापल्या नळीत चढायचं, त्याची वाफ व्हायची आणि जाळी पांढरीफेक पेटायची. ती जाळी १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाखने शोधली, पंपाचा स्टो १८९२ मध्ये स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टने आणला, हे मला फार पुढे वाचून कळलं. बाबांना दोन्ही आतून माहीत होते, नावाने नाही.

दाबाची वस्तू म्हटली की गळती आलीच. पंपातला चामडी वायसर सुकायचा. तो रात्रभर गोड्या तेलात भिजत ठेवला की फुगून पुन्हा घट्ट बसायचा. चावीची चुडी ढिली व्हायची. आणि टाकीच्या सांध्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडायचं, ते सापडणं सगळ्यात कठीण. बाबा टाकीत हवा भरून ती बादलीत बुडवायचे. बत्ती मोठी असली तर अंगावर साबणाचा फेस लावायचे आणि डोळे बारीक करून बसायचे. बुडबुडा आला की नखाने खूण. मग टाकी रिकामी करून, धुऊन, डाग मारायचा. पण वरात दारात उभी आणि गिऱ्हाईक घाईत असलं की बाबा कपड्याच्या साबणाची वडी त्या भोकावर जोरात घासायचे. रात्र निभून जायची. म्हणजे बाबांचा साबण दोन कामं करायचा: भोक दाखवायचा आणि भोक बुजवायचा. या दोन कामांत अंतर आहे, हे कळायला मला धंदा बदलावा लागला.

खरा गॅस आपल्याकडे बराच उशिरा आला. मुंबईच्या रस्त्यांवर कोळशाच्या गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले होते. टाकीतला स्वयंपाकाचा गॅस बर्मा-शेलने 'बर्शेन' नावाने १९५५ मध्ये मुंबईतच आणला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ मध्ये कलकत्त्यात झाली. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांच्यातून एचपी आणि भारत गॅस उभे राहिले. तोवर आमच्या वऱ्हाडात पऱ्हाटीच जळत होती. कापूस वेचून झाला की उरलेल्या झाडांचे भारे अंगणात रचलेले. त्यात तुराट्या, गोवऱ्या आणि शहरात रेशनचं रॉकेल. गॅससाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. खासदाराच्या कोट्यातलं कुपन ज्याला मिळालं त्याच्याकडे लोक आदराने पाहायचे.

१९८१ मध्ये मी अमरावतीच्या एका एजन्सीत मेकॅनिकच्या हाताखाली लागलो. उस्ताद परकोटाच्या आतले, जवाहर गेटजवळ राहणारे. त्यांनी पहिल्या दिवशी पाना दिला नाही. एका घरी नेलं, स्वयंपाकघरात मला उकिडवं बसवलं आणि म्हणाले, "पोट्ट्या, नाक खाली ठेव. हा गॅस पायाखालून चालते. लोक उभ्यानं हुंगतेत अन् म्हणतेत, वास नाही."

प्रोपेन आणि ब्युटेनचं हे मिश्रण हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. ते पाण्यासारखं उताराला लागतं, मोरीत शिरतं, नालीतून शेजारच्या घरात निघतं. टाकीतला द्रव बाहेर पडला की साधारण अडीचशे पट फुगतो. आणि हवेत गॅसचं प्रमाण शंभरात दोन भाग झालं की एक ठिणगी पुरते.

मुळात या गॅसला वास नसतो. जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. ती अक्कल जगाला फार महाग पडली. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी बिनवासाचा नैसर्गिक वायू तळघरात साठला. एका यंत्राचं बटण दाबलं गेलं आणि सुमारे ३०० मुलं-शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. आमच्याकडच्या बाया त्या वासाला 'सडेल पत्ताकोबी' म्हणायच्या. यापेक्षा नेमकं वर्णन मी ऐकलं नाही. उस्तादांची एक अट होती: मेकॅनिकने खर्रा खायचा नाही. तंबाखू-सुपारीच्या वासात राहणाऱ्या नाकाला पत्ताकोबी कळत नाही. विदर्भात राहून खर्रा न खाणं म्हणजे तपश्चर्याच. पण मी ती केली.

नाकाने खोली सांगायची, साबणाने जागा. कपबशीत साबण कालवून दाढीच्या ब्रशने टाकीच्या तोंडापासून चुलीच्या चावीपर्यंत फेस लावत जायचं. टाकीत दर चौरस सेंटिमीटरला कित्येक किलोंचा दाब. रेग्युलेटरच्या पुढे तो अवघा ३० ग्रॅम. म्हणून टाकीच्या तोंडाशी बुडबुडा धावत येतो आणि नळीवर येतो तो इतका सावकाश की बिडी ओढून व्हावी. अर्थात, बिडी ओढायची नाही. आगपेटीची काडी ओढून गळती शोधणारे महाभाग मी पाहिलेत. एकाच्या भुवया वर्षभर आल्या नाहीत.

बहुतेक गळत्या चार-पाच ठिकाणीच सापडायच्या. टाकीच्या तोंडातली रबरी रिंग चिरलेली किंवा गायबच. आतली पिन दाबून वर न येणारी. हिरवी रबरी नळी टोकाशी फाटलेली, कारण बसत नाही म्हणून कोणीतरी ती जाळावर धरून मऊ केलेली. घरात तुरीची पोती असली की उंदीर आणि उंदीर असला की नळीला दात. चुलीच्या चावीतलं ग्रीस सुकलेलं. रिंग बदलायला अर्धं मिनिट लागायचं. पिनच खराब असली तर मात्र तिथे दुरुस्ती नव्हती. पांढरी टोपी बसवायची, टाकी उचलायची आणि नाली-विहिरीपासून लांब, मोकळ्या मैदानात नेऊन ठेवायची. टाकीच्या वरच्या पट्टीवर आतून ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात; ए म्हणजे मार्चअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. ती तारीख उलटली असली तर टाकी घ्यायचीच नाही. हे मी हजारो घरांत सांगितलं असेल.

पण जुन्या सवयी घरोघरी होत्या. नळीच्या चिरेवर साबणाची वडी घासलेली, वर चिकटपट्टी, वर सुतळी. मी ते सोडवताना गप्प बसायचो, कारण ही कला कुणाची ते मला ठाऊक होतं.

१९८३ च्या उन्हाळ्यात अकोल्याला घरी गेलो. आमच्याकडे गॅस येऊन काही महिने झाले होते. उंबरा ओलांडला आणि वास लागला. ओट्याखाली बसून पाहिलं: नळीला बोटभर चीर आणि तिच्यावर पिवळा साबण, अंगठ्याने नीट चेपून बसवलेला. बाबांचा अंगठा. मी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, नळी काढली आणि त्यांच्यासमोर कात्रीने तिचे दोन तुकडे केले.

"चांगली नळी होती," बाबा म्हणाले.

"बाबा, रॉकेल गळलं तर दिसते. हा गळला तर जमा होते."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचंही खरं होतं. चाळीस वर्षं त्यांनी कोणतीच वस्तू फेकली नव्हती. वायसर भिजवले, भोकं झाळली, पिना घासल्या. दुरुस्ती म्हणजे आहे ते चालतं करणं. आणि माझ्या धंद्यात दुरुस्ती म्हणजे ओळखायचं, काढायचं, नवं बसवायचं. जुन्याची दया करायची नाही. तिसऱ्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, "मंग साबण काही कामाचाच नाही का तुह्या?" मी म्हटलं, "दाखवायले आहे. बुजवायले नाही." त्यांनी मान हलवली. पुढे दुकानात स्टो कमी होत गेले, तेव्हा ते गिऱ्हाइकांना हेच वाक्य स्वतःचं म्हणून सांगायचे.

मे महिना आमच्या कामाचा. अकोला-अमरावतीला पारा ४५ च्या पुढे गेला की टाकीतला दाब वाढतो आणि हिवाळ्यात गप्प असलेली रिंग बोलायला लागते. त्यात दुपारी घरं गच्च बंद, खिडकीत वाळ्याचा ओला कूलर. कूलरच्या झोताने मंद आच विझते, गॅस चालूच राहतो. मग कोणाला वास येतो आणि तो भला माणूस काय करतो, तर वास घालवायला कूलरचं बटण दाबतो. बटणात ठिणगी असते. चालू असलेलं बंद करणंही तितकंच वाईट. दारात पोचल्यावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "काकू, बटनाले हात नोका लावू. चालू असंन ते चालू राहू द्या, बंद ते बंद."

भारनियमनाच्या वर्षांत आणखी एक घोर लागला. वीज गेलेली, घर अंधारात, गॅस फरशीवर पसरलेला, माणसं बाहेर ओसरीवर. कोणी काही लावत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. आणि वीज येताच फ्रिज आपोआप सुरू होतो. राजापेठेतल्या एका घरी मी पोचलो तेव्हा वीज यायला दहा मिनिटं होती. आत न जाता बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच पाडला. तारेत वीज नसताना तो पाडायला भीती नाही. मग दार उघडून झाडूने फरशीवरून गॅस बाहेर लोटला, पाणी लोटावं तसा. शेजारच्या पोरांना हसू आलं. वीज आली तेव्हा गल्ली उजळली, तेवढं एक घर अंधारात राहिलं.

हॉटेलांची तऱ्हा वेगळी. १९ किलोच्या तीन-चार टाक्या एका नळाला जोडलेल्या, मोठ्या दाबाची भट्टी, गिलावड्याचा घाणा आणि कांद्याचा वास. तिथे सकाळपासून उभ्या माणसाचं नाक दुपारपर्यंत मरकॅप्टनला सरावतं. गळती असूनही त्याला वास 'जातो'. म्हणून मी हॉटेलात नाकावर विश्वास ठेवत नसे. धंदा सुरू व्हायच्या आधी जायचो आणि प्रत्येक सांध्याला फेस.

पुढे पोलादी तारेची नारिंगी नळी आली, तिला उंदीर हरला. तीही पाच वर्षांनी बदलायचीच. १ जानेवारी २०१६ पासून गळतीसाठी १९०६ हा नंबर सुरू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात उज्ज्वला योजना आली आणि टाकी मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या घरांत पोचली. तिथे नवाच पेच दिसला: एकाच खोलीत जमिनीवर टाकी, जमिनीवर गॅसची शेगडी आणि दोन हातांवर धगधगती चूल. गॅस उतारावर जातो आणि उताराच्या शेवटी विस्तव. नोकरीच्या त्या शेवटच्या दोन वर्षांत मी दुरुस्त्या थोड्याच केल्या. विटा रचून शेगडी टाकीपेक्षा उंच करणं आणि चूल अंगणात काढायला लावणं, हेच काम जास्त.

२०१८ मध्ये निवृत्त झालो. मागच्या दिवाळीत मुलीकडे पुण्याला होतो. तिच्याकडे नळाचा गॅस आहे. सकाळी तिला कसलासा वास आला, तशी मी सवयीने ओट्याखाली उकिडवा बसलो. गुडघे करकरले. वास काही लागेना. जावई म्हणाले, "बाबा, हा मिथेन. हवेपेक्षा हलका. वर जातो." मला एकदम आमच्या बत्त्यावाल्या बाया आठवल्या. समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबई-नागपूर गॅसवाहिनी वऱ्हाडातूनच गेली आहे. उद्या आमच्याही पोट्ट्यांना नाक वर करायला शिकावं लागणार.

मुलीने स्टूल आणलं. वर चढण्याआधी मी तिच्याकडे कपबशी आणि साबण मागितला. मीटरजवळच्या सांध्याला ब्रशने फेस लावला आणि डोळे बारीक करून थांबलो. बराच वेळ फेस तसाच राहिला, एकही बुडबुडा नाही. खाली उतरलो तर कचऱ्याच्या डब्यात अर्धी सडलेली पत्ताकोबी होती.