ऑपरेशन तेच, दरवाजे वेगळे

पोस्ट लांबलीय. पण विषय पुरुषांचा आहे आणि पुरुष ज्यावर तोंड उघडत नाहीत असा आहे, म्हणून सवडीने का होईना, वाचा.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतून एक अजब बातमी आली. देशाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन आयसीयूत, आणि राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना तीन दिवस पत्ताच नाही! मग उलगडा झाला. २२ डिसेंबरला प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, त्यातून पुढे इन्फेक्शन. टीव्हीवर सगळी चर्चा लपवाछपवीची. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकलो. ऑस्टिन हे अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय संरक्षणमंत्री. तिथे हा कॅन्सर साधारण ८ पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी होतो, कृष्णवर्णीयांत ६ पैकी एकाला. आणि त्याने मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. का? हे शोधायला बसलो आणि थेट १९०४ सालात पोचलो.

त्याआधी दोन ओळी आजाराबद्दल. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. आपल्याकडे कट्ट्यावर 'लघवीचा जरा त्रास आहे' एवढ्यावर हा विषय संपतो. कॅन्सर ग्रंथीच्या आतच असताना सापडला, तर अख्खी ग्रंथी काढून रोग मुळापासून घालवता येतो. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, काहींना नुसती देखरेख पुरते. पण ज्याला लागतं त्याला ते वेळेवर आणि सरावलेल्या हातांनी व्हायला हवं. सगळी गोम इथेच आहे.

तर १९०४. बाल्टिमोर शहर, जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल. ह्यू हॅम्प्टन यंग या सर्जनने कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढण्याचं ऑपरेशन केलं, मदतीला त्यांचे गुरू विल्यम हॅल्स्टेड. आधुनिक प्रोस्टेट सर्जरीची सुरुवात इथून धरतात. पुढे यंग यांचा एक धनाढ्य पेशंट, 'डायमंड जिम' ब्रेडी, याने पैसा दिला आणि १९१५ मध्ये तिथे या आजारांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. (हा ब्रेडी हिऱ्यांसाठी जेवढा प्रसिद्ध तेवढाच खाण्यासाठी!)

आता गंमत बघा. ज्यांच्या पैशावर हे हॉस्पिटल झालं त्या हॉपकिन्स शेठनी १८७३ मध्येच लिहून ठेवलं होतं की गरीब रुग्णांना वय, लिंग, रंग न बघता उपचार मिळावेत. हॉस्पिटलने दार उघडं ठेवलं, पण आत वॉर्ड वेगळे केले. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स ही बाई कॅन्सर घेऊन तिथे आली, तेव्हाही तिची खाट 'कलर्ड' वॉर्डातच होती. तिच्या पेशी तिला न विचारता घेतल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या. आणि हे त्यातल्या त्यात बरं हॉस्पिटल! दक्षिणेकडच्या कित्येक हॉस्पिटलांत कृष्णवर्णीयाला दारातूनच परत पाठवायचे.

सरकार काय करत होतं? १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने हॉस्पिटलं बांधायला सरकारी पैसा दिला, पण त्यात 'वेगळं पण समान' अशी पळवाट ठेवली. म्हणजे करदात्यांच्या पैशाने भेदभाव. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे साथीदार याविरुद्ध कोर्टात गेले, १९६३ मध्ये जिंकले. पाठोपाठ १९६४ चा नागरी हक्क कायदा. पण खरी चावी फिरवली पैशाने. १ जुलै १९६६ पासून म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर योजना सुरू होणार होती आणि अट होती, वॉर्ड वेगळे ठेवाल तर एक डॉलर मिळणार नाही. काही महिन्यांत हजारावर हॉस्पिटलांनी पाट्या उतरवल्या. वर्षानुवर्षं भाषणांनी जे झालं नव्हतं, ते बिलाच्या धाकाने झालं.

पाट्या गेल्या, पण फरक गेला नाही.

१९८२ मध्ये त्याच हॉपकिन्समध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी ग्रंथीशेजारच्या नसा वाचवून ऑपरेशन करण्याची पद्धत आणली. आधी या ऑपरेशननंतर नपुंसकत्व जवळपास ठरलेलं, लघवीवरचा ताबाही अनेकांचा जायचा. नव्या पद्धतीने चित्र पालटलं. पण हे हाताच्या सरावाचं काम आहे. वर्षाला शेकडो ऑपरेशनं करणारा सर्जन आणि चार-दोन करणारा, निकालात फरक पडणारच. पुढच्या काळात अभ्यास होत गेले तेव्हा दिसलं की कृष्णवर्णीय रुग्णांना मुळात हे ऑपरेशन कमी वेळा मिळतं, मिळालं तर उशिरा, आणि बहुतेकदा जिथे अशी ऑपरेशनं कमी होतात अशा हॉस्पिटलात.

त्यात विश्वासाचा प्रश्न. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ पासून ४० वर्षं सरकारी डॉक्टरांनी शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता बघत ठेवला. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर या पत्रकार बाईंनी बातमी फोडली तेव्हा ते थांबलं. ज्यांच्या बाप-काकांनी हे ऐकलं, भोगलं, ते कोट घातलेल्या माणसाने 'तपासून घ्या' म्हटल्यावर लगेच बाही वर करतील?

'त्यांच्या रक्तातच आहे हो' असं म्हणणारे तिथेही आहेत. आनुवंशिकतेचा भाग आहेच, आजार होण्याचं प्रमाण खरोखर जास्त आहे. पण मरण्याचं? अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी हॉस्पिटलांचं वेगळं जाळं आहे, तिथे रंग आणि विमा बघून रांग लागत नाही. तिथल्या ६० हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. त्यातले १८ हजारांवर कृष्णवर्णीय. दहा वर्षांत या कॅन्सरने मृत्यू: गोरे ५.१ टक्के, कृष्णवर्णीय ४.४ टक्के. दुप्पट सोडा, किंचित कमीच! रक्त तेच, फक्त हॉस्पिटल बदललं.

आता ऑस्टिन यांच्याकडे परत येऊ. त्यांचं ऑपरेशन झालं वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलात. २००३ मध्ये कॉलिन पॉवेल यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशनही वॉल्टर रीडलाच झालं होतं. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही जनरल. १ फेब्रुवारी २०२४ ला ऑस्टिन पत्रकारांसमोर आले, आधी माफी मागितली. मग म्हणाले की कॅन्सरची गोष्ट स्वतःपाशीच ठेवावी असं वाटलं आणि आपल्या समाजात तर ही गोष्ट जास्तच झाकली जाते. आणि पुरुषांना सांगितलं, तपासणी करून घ्या.

ज्यांच्याकडे वॉल्टर रीडचं दार नाही, ते कुठल्या दारात जातात ते वर लिहिलंच आहे.