परवाना आणि फिरता कलावंत

सोलापूरचे शाहीर राम जोशी (१७६२–१८१२) बारामतीस मोरोपंतांच्या सहवासात आले व लावणीकडून कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. कलावंताच्या प्रवासातून कलाही कशी पालटते, याचे हे उदाहरण होय.

‘परवाना’ हा फारसी शब्द मात्र या वाटेवर उभा असतो. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने (कलम ३३) करमणुकीच्या खेळांसाठी परवान्याचे नियम करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यास दिला. बारामती-इंदापूरच्या जत्रांत उतरणाऱ्या तमाशाच्या फडास तो चुकत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश वादकांचा युरोपीय संघातील मुक्त संचार संपला. कामाची अनुज्ञा प्रत्येक देशाच्या नियमानुसार घ्यावी लागते.

एक राज्यांतर्गत, दुसरे आंतरराष्ट्रीय. तथापि दोहोंत परवान्याचा भार मुक्कामागणिक वाढतो. म्हणून लहान संच आडवाटेचा मुक्काम प्रथम गाळतो, आणि बारामतीसारख्या भेटी तेथेच खुंटतात.